हेडलॅम्पची पारख कशी करावी?

गिरगाव, लालबाग, परळ येथील तरुण शनिवारी रात्री दादरला कसारा लोकल पकडून कळसूबाईकडे (१६४६ मीटर) निघतात. हात मोकळे राहावेत म्हणून विजेरीऐवजी डोक्याला हेडलॅम्प बांधला जातो. मात्र लोखंडी शिडीवर तो विझला, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

खोक्यावरील 'लुमेन'चा आकडा हा केवळ आरंभीचा प्रकाश होय. २००९ मधील 'एफएल-१' या अमेरिकी मानकानुसार तो दिवा लावल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटे या काळात मोजतात. पुढे दिवा तापतो आणि अनेक शक्तिशाली दिवे प्रकाश आपोआप घटवतात. छापील कालावधीही उजेड आरंभीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा असतो.

'१८६५०' या प्रचलित लिथियम सेलची क्षमता सहसा सुमारे ३५०० मिलीअँपिअर-तासांपर्यंत असते. त्यावर ९९०० छापले असल्यास तो घेऊ नये. 'आयपीएक्स-४' दिवा पाण्याचे शिंतोडे सोसतो. 'आयपीएक्स-७' दिवा १ मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरतो. सह्याद्रीतील पावसाळ्यासाठी दुसरा श्रेयस्कर.

खरी कसोटी घरीच घ्यावी. सेल पूर्ण चार्ज करून मध्यम उजेडावर दिवा सलग जळू द्यावा व वेळ नोंदवावी. पट्टा बांधून डोके हलवावे; उजेड लुकलुकल्यास जोडणी सैल आहे असे समजावे. कितीही खात्रीचा दिवा असला, तरी खिशात दुसरी विजेरी हवीच.