जुना प्लाझ्मा संच घेताना

दोन काचांमधील सूक्ष्म कोशिकांत भरलेल्या निऑन व झेनॉन वायूंतून वीज गेली की अतिनील किरण निघतात आणि त्यांच्यामुळे फॉस्फर उजळतो. प्लाझ्मा पडद्यावरील चित्र असे घडते. इलिनॉय विद्यापीठात 1964 साली जन्मलेल्या या तंत्राच्या संचांचे उत्पादन पॅनासॉनिकने 2013 अखेरीस, तर सॅमसंग व एलजी यांनी 2014 मध्ये थांबवले. त्यामुळे मोहगाव-सौंसरच्या ग्राहकाला नागपूरच्या बाजारात आज असा संच दिसला, तर तो बहुधा वापरलेलाच असणार.

गडद काळा रंग आणि वेगवान चेंडूचेही स्वच्छ चित्र हे त्याचे गुण खरे. मात्र ‘एचडी’चे लेबल पाहून हुरळू नये. 42 इंची अनेक संचांत 1024 × 768 एवढेच बिंदू असतात. पूर्ण एचडीला 1920 × 1080 हवेत. असा पडदा त्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावरून पाहावा. 50 इंची पडदा सुमारे 62 सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे दोन मीटरच्या आतच बसता येते. साधी वाहिनी मात्र तेवढ्यावरून भुरकट दिसते.

खरेदीपूर्वी पडदा पूर्ण करडा करून तपासावा. वाहिनीचे बोधचिन्ह वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात राहिल्याने त्याची कायमची सावली उमटलेली असू शकते. चालत्या चित्रात ती सहज लपते. संच जड आणि काच नाजूक, म्हणून तो गाडीत उभाच न्यावा. तेवढ्याच आकाराच्या एलईडी संचाहून त्याला वीजही जास्त लागते. पॅनेल बिघडले तर नवे मिळणे दुरापास्त, तेव्हा विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत हा धोका आधीच वजा करावा.