बुजगावणं आणि फसवं बदक

पाखरू येऊ नये म्हणून आपण रानात बुजगावणं उभं करतो. अमेरिकेत शिकारी नेमकं उलट करतात. खरं बदक खाली उतरावं म्हणून शेतात खोटी बदकं मांडतात. त्यांना डिकॉय म्हणतात.

ही युक्ती लई जुनी. १९२४ साली नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत ११ खोटी बदकं सापडली. लव्हाळ्यासारख्या पाणगवताची वळलेली, काहींना रंग देऊन वर खरी पिसं लावलेली. वय साधारण दोन हजार वर्षं! तिथल्या मूळ रहिवाशांनी पोटासाठी केलेली.

शेतातली मांडणी समजून घेण्यासारखी आहे. गहू, बार्ली, मका काढला की सांडलेले दाणे टिपायला बदकं येतात. पक्षी वाऱ्याकडं तोंड करून उतरतो. म्हणून शिकारी वारा बघून खोटी बदकं मांडतो, मधे मोकळी जागा ठेवतो आणि स्वतः लपतो. वरून थवा बघतो, आपली मंडळी निवांत चरतायत, म्हणजे भ्या नाही. तिथंच फसतो.

एकोणिसाव्या शतकात बंदुका सुधारल्या, रेल्वे आली, बदकं मारून शहरात विकायचा धंदा झाला. काही शिकारी तर पाळीव जिवंत बदकंच बांधून ठेवत. त्यांचा आवाज ऐकला की वरचा थवा खाली आलाच. १९१८ च्या कायद्यानं ही विक्री बंद झाली. पुढं १९३० नंतर दुष्काळ पडला, पाणथळी आटल्या, बदकं घटली. तेव्हा १९३५ साली जिवंत बदक बांधून आणि दाणे टाकून केलेली शिकार, दोन्हींवर बंदी आली. लाकडाचं बदक मात्र चालू राहिलं. म्हणजे शिकार थांबली नाही, पण पाखराला सुटायला जागाच ठेवायची नाही, हे थांबलं.

आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं आज रानबदकाची शिकार गुन्हा आहे. नांदूरमधमेश्वर, उजनीला थंडीत हे पाहुणे येतात. कडंच्या रानात दाणा खातात, नुकसान होतं, राग येतो, खोटं कशाला बोलू? पण हाकललेलं पाखरू परत येतं. मारलेलं येत नाही.

तुमच्याकडं पाखरं राखायला काय करता? जरूर लिहा.