साडेसात पुरुषांचा पक्षी

मागच्या गणपतीत आमच्या ऑफिसात रांगोळीचं काम माझ्या गळ्यात पडलं. आदल्या वर्षी ३ बाय ३ फुटांचा मोर काढला होता, यंदा ६ बाय ६. मी हिशोब केला, आकार दुप्पट म्हणजे रंग दुप्पट. आणले. अर्धा मोर भरला आणि रंग संपले! इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला माणूस मी. लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, हे शाळेतलं गणित ऐन वेळी आठवलं नाही. टीममधल्यांनी वर्षभर पुरेल एवढी चेष्टा केली, ती वेगळीच.

असो. त्या वीकएंडला वाचता वाचता बौधायनाच्या शुल्बसूत्रापाशी पोचलो, आणि तिथे हाच प्रश्न, तोही पक्ष्याचाच, भेटला.

शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी दोरीने आखायच्या कशा, याचे नियम या सूत्रांत आहेत. काळ साधारण इ.स.पूर्व ८०० ते ५००. त्यातली श्येनचिती, म्हणजे ससाण्याच्या आकाराची विटांची वेदी, प्रसिद्ध आहे. माप 'पुरुष', म्हणजे १२० अंगुलं. तिच्या साध्या रूपात धड २ बाय २ पुरुषांचं, म्हणजे ४ चौरस पुरुष. दोन्ही पंख प्रत्येकी १.२, शेपूट १.१. एकूण साडेसात.

आता गंमत. पहिल्यांदा साडेसातची वेदी करायची, पुढच्या वेळी साडेआठची, मग साडेनऊची, असं थेट १०१.५ पर्यंत. आकार मात्र तोच राहिला पाहिजे. म्हणजे जादा एक चौरस पुरुष नुसता शेपटीला चिकटवून चालणार नाही, पक्षी बेढब होईल. मग काय करायचं?

बौधायन सांगतो, वाढवायच्या क्षेत्रफळाचे १५ भाग करा आणि मूळच्या प्रत्येक चौरस पुरुषात २ भाग मिसळा. साडेसात गुणिले २ म्हणजे बरोबर १५, सगळे भाग वाटून संपले. आता एककाचा चौरस १ चा १७/१५ झाला. त्याची बाजू म्हणजे नवा 'पुरुष'. या नव्या मापाने पक्षी पुन्हा पहिल्यासारखाच आखायचा. धड २ बाय २, पंख, शेपूट, सगळे आकडे तेच!

म्हणजे पंख, धड, शेपूट वेगवेगळं वाढवत बसायचं नाही, मोजपट्टीच बदलायची. आम्ही प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकडा हाताने बदलण्याऐवजी वर एकच स्केल फॅक्टर ठेवतो, तसंच हे. इथे तो फॅक्टर १७/१५ चं वर्गमूळ, साधारण १.०६५. क्षेत्रफळ १३ टक्क्यांहून जास्त वाढलं, पण लांबी जेमतेम साडेसहा टक्के. १२० अंगुलांचा पुरुष पावणेदोनशे नाही, फक्त पावणेएकशेअठ्ठावीस अंगुलांचा झाला.

आणि हे वर्गमूळ कॅल्क्युलेटरशिवाय? दोरीने. आयताचा त्याच क्षेत्रफळाचा चौरस करायचा आणि दोन चौरसांचा मिळून एक चौरस करायचा, दोन्ही रीती त्याच सूत्रांत आहेत. दुसरीचा पाया म्हणजे आपण पायथागोरसच्या नावाने शिकतो तो कर्णाचा नियम. चौरस दुप्पट करायला लागणारं २ चं वर्गमूळही बौधायन देतो: ५७७/४०८. पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर.

"आपल्याकडे सगळंच आधी होतं" असं मला म्हणायचं नाहीये. सूत्रांत नियम आहेत, सिद्धता नाहीत. पण ज्याला वीट न् वीट मोजून द्यायची होती, त्याला लांबी आणि क्षेत्रफळ यांतला फरक विसरणं परवडणारं नव्हतं. मला परवडलं, कारण कोपऱ्यावर दुकान होतं.

दुप्पट रंगात बसणारा मोर ४.२४ फुटांचा. यंदा आधी दोरी, मग दुकान.