ऋतू हरवलेला सण



वैशाखाचे ऊन दिवसभर अंगावर घेऊन आपण संध्याकाळी येथे जमतो आणि या मेळाव्याला वसंत व्याख्यानमाला म्हणतो, याचे आपल्याला कधी नवल वाटत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली, तेव्हाही उकाडा असाच असला पाहिजे. पंचांगात वसंत आहे, म्हणून आपण वसंत म्हणतो. नाव आणि हवा यांची थोडीशी फारकत माणूस सहज सोसतो. पण ही फारकत पुरती झाली, सणाचे नाव हिवाळ्याचे आणि हवा भर उन्हाळ्याची असे झाले, तर तो सण टिकतो का, आणि टिकला तर कशाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. त्यासाठी आपल्याला विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जावे लागेल.

प्रारंभ मात्र आपल्याच एका शब्दापासून करू. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जन्मदिवस. वास्को द गामाचा काफिला आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येत असता १४९७ च्या डिसेंबरात, ख्रिस्तजन्माच्या सणाला, त्याला एक किनारा दिसला. त्या किनाऱ्याला त्याने त्याच सणाचे नाव दिले. तोच दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांत. १८६० पासून आपले गिरमिटिया मजूर जेथे उतरले आणि १८९३ साली गांधीजी जेथे गेले, तो हा प्रांत. उत्तरेकडील हिवाळी सणाचे नाव लाभलेली ही भूमी डिसेंबरात उन्हाने तापलेली असते. आमच्या विषयाचे सारे वैचित्र्य या एका नावात साठलेले आहे.

ख्रिस्तजन्माचा उत्सव २५ डिसेंबरला होत असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधील असून ती ३३६ सालाची आहे. उत्तर गोलार्धात हे दिवस वर्षातील सर्वांत लहान. सूर्य दक्षिणेची मर्यादा गाठून परतू लागलेला, पण थंडीचा कडाका पुढेच. युरोपात हा सण रुजला तो या काळोखाच्या आधाराने. घरात धगधगणारी शेकोटी, मेणबत्त्या, पानगळीतही हिरवी राहणारी झुडपे, मांसाचे जड जेवण, चरबी आणि मनुका घालून फडक्यात बांधून तासन् तास उकडलेला पुडिंगचा गोळा, या साऱ्यांना त्या हवेत अर्थ होता. बाहेर मरणाची थंडी असली म्हणजे आतल्या उबेची किंमत कळते. आणि काळोखात प्रकाश जन्मला ही धर्मातली कल्पना तेथे डोळ्यांना दिसत असे.

आता हा सण जहाजावर चढला. डच दर्यावर्दी आबेल टास्मान १६४२ च्या डिसेंबरात न्यूझीलंडच्या पाण्यात होता. आठवड्यापूर्वीच माओरी लोकांशी झालेल्या चकमकीत त्याचे चार खलाशी पडले होते. नाताळला वादळामुळे त्याची दोन्ही जहाजे अडकून पडली. तेव्हा जहाजावरचे डुक्कर मारून खलाशांना ताजे मांस दिले आणि वरकड मद्य वाटले. पुढे १७६९ साली कॅप्टन कुकचा नाताळ न्यूझीलंडच्या उत्तर टोकाच्या समुद्रात झाला. बरोबर आलेल्या जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, समुद्रपक्षी मारून हंसाच्या मांसाची पाई म्हणून ती खाल्ली गेली आणि रात्री सारे खलाशी वाडवडिलांच्या परंपरेप्रमाणे मनसोक्त प्याले. हंस नव्हता, तर दुसरा पक्षी त्याच्या जागी आला. पण जागा रिकामी राहिली नाही. स्थलांतरित माणसाच्या सणाचा हा पहिला नियम म्हणावयास हरकत नाही.

खलाशी परत जातात. वसाहतकऱ्याला राहावे लागते. १७८८ च्या जानेवारीत ११ जहाजांतून हजाराहून अधिक माणसे सिडनीच्या खाडीत उतरली. त्यांत निम्म्याहून अधिक इंग्लंडमधून हद्दपार केलेले कैदी. त्या वर्षाअखेरचा नाताळ हा त्यांचा नव्या भूमीवरचा पहिला नाताळ. अन्नाची ददात होती. सिरियस जहाज पीठ आणण्यासाठी ऑक्टोबरातच केपकडे रवाना झाले होते आणि ते परतले पुढील मे महिन्यात. शिध्यातल्या खारवलेल्या मांसावर सण कसा साजरा होणार? त्यातून हवेचे काही नेमच कळत नव्हते. १७९० सालच्या २७ डिसेंबरला वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने तापमान मोजले, ते १०९ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस भरले. पुढील फेब्रुवारीत तर उष्म्याने वटवाघळे झाडांवरून मरून खाली पडली. शेकोटीभोवती बसण्याचा सण पाळणाऱ्यांना सृष्टीने दिलेले हे उत्तर होते.

पण याच पहिल्या नाताळाला लागून घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सण होऊन आठवडा उलटतो न उलटतो, तोच गव्हर्नर फिलिपच्या आज्ञेने अराबानू नावाचा एक आदिवासी पुरुष समुद्रकिनाऱ्यावर पकडण्यात आला. त्याच्याकडून भाषा शिकावी आणि त्याच्या लोकांशी स्नेह जोडावा, असा हेतू सांगण्यात आला. त्याला बेडी घातली गेली. मे १७८९ मध्ये देवीच्या साथीत तो मरण पावला. ज्यांना ही भूमी परकी वाटत होती, त्यांच्या उंबरठ्यावर ज्याची ती भूमी होती असा माणूस बंदी होता. डिसेंबर म्हणजे कोणता ऋतू, तेव्हा कोणते झाड फुलते, कोणता मासा किनाऱ्याला येतो, हे सारे त्याला ठाऊक होते. ते विचारण्याचा मार्ग बेडीतून जात नव्हता.

न्यूझीलंडमध्ये चित्र थोडे निराळे दिसते. १८१४ सालचा नाताळ रविवारी आला होता. त्या दिवशी बे ऑफ आयलंड्सच्या किनाऱ्यावर सॅम्युअल मार्सडेन या पाद्र्याने पहिले प्रवचन केले. सिद्धता केली होती रुआतारा या माओरी सरदाराने. त्याने जमीन कुंपणाने बंदिस्त केली, जुन्या होडीचे व्यासपीठ उभारले आणि लोक गोळा केले. प्रवचन इंग्रजीत झाले. आपल्याला काही कळले नाही, असे लोक म्हणाले, तेव्हा हळूहळू कळेल, असे सांगून रुआताराने त्यांना मतलब समजावून दिला. येथे सण पाहुण्याचा होता आणि मांडव यजमानाचा. रुआतारा पुढच्या मार्चमध्येच वारला. नंतर पाहुणेच घराचे धनी होऊन बसले, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

आता मौज पाहा. हे वसाहतकरी ज्या ‘जुन्या’ नाताळासाठी झुरत, तो जुना होता तरी किती? डिकन्सची नाताळची गोष्ट आणि इंग्लंडमधील पहिले छापील नाताळपत्र, दोन्ही १८४३ ची. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळवृक्षाभोवतीचे चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले, ते १८४८ साली. १८५१ नंतर सोन्याच्या शोधात व्हिक्टोरिया प्रांतात माणसांचे लोंढे आले, ते ही ताजी छापील परंपरा उराशी घेऊन. स्कॉटलंडचे कडवे प्रेस्बिटेरियन तर नाताळ पाळीतच नसत. १८४८ साली न्यूझीलंडच्या ओटागो भागात वसलेल्या स्कॉटिश लोकांना त्या दिवसाचे महत्त्व नव्हते, आणि प्रत्यक्ष स्कॉटलंडात नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. तेव्हा ‘वाडवडिलांचा सण’ हा पुष्कळदा वाडवडिलांचा नसतो. दूर गेलेल्या माणसाच्या मनात तो जुना होत जातो.

असे असले तरी त्या माणसांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. इंग्लंडला पत्र पोचावयास महिने लागत. नाताळला लिहिलेले पत्र आईच्या हाती पडेपर्यंत तिकडे उन्हाळा येई, आणि तिचे उत्तर येईतो वर्ष सरत येई. मधल्या काळात कोण आहे आणि कोण गेले, हे कळण्यास मार्ग नसे. एकच दिवस असा होता की त्या दिवशी तिकडची माणसे काय करीत असतील, कोणत्या पदार्थाचा वास घरात दरवळत असेल, हे निश्चित सांगता येई. उकाड्याने घाम निथळत असता चुलीवर पुडिंग उकडणारी बाई मूर्ख नव्हती. दोन घरांत एकच पदार्थ एकाच दिवशी शिजावा, एवढाच तिचा हट्ट होता. सणाची तारीख ती सोडीत नव्हती, कारण त्या तारखेला तिची माणसे बांधलेली होती.

खरा पेच पुढच्या पिढीचा. तेथे जन्मलेल्या मुलांनी बर्फ डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, पण नाताळपत्रावर ते बर्फच पाहत. ज्या देशात कधी पाऊल टाकले नाही, त्याला ‘घर’ म्हणण्यास ती शिकत. आईबापांचा विरह मुलांच्या वाट्याला शिक्षण म्हणून आला. आपण आहोत ती जागा खरी नव्हे, खरी जागा दुसरीकडे आहे, असे ज्याला लहानपणापासून सांगितले जाते, त्याचे आपल्या पायाखालच्या मातीशी नाते कसे जडावे?

ते जडले, पण हळूहळू, आणि प्रथम फुलांच्या वाटेने. न्यू साउथ वेल्समधील एका झुडपाची पांढरी बारीक फुले गळू लागली म्हणजे त्यांची निदले वाढून ऐन डिसेंबरात तांबडी होतात. लोकांनी त्याला नाताळचे झुडूप म्हटले. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरचा पोहुतुकावा वृक्ष त्याच सुमारास लालभडक फुलतो. त्याच्या फांद्यांनी वसाहतकरी घरे आणि देवळे सजवितात, असे १८५८ साली तेथे आलेल्या होख्श्टेटर या भूगर्भशास्त्रज्ञाने नमूद केले आहे. फुलांमागून वाङ्मय आले. हेन्री लॉसनच्या एका कवितेत नाताळच्या दिवसांत रानाला वणवा लागतो, आणि गरीब शेतकऱ्याशी वैर धरणारा बडा जमीनदार माणसे घेऊन त्याचे पीक वाचविण्यास धावतो. ‘पृथ्वीवर शांती’ हा नाताळचा संदेश बर्फाऐवजी आगीच्या साक्षीने सांगता येतो, हे येथे प्रथम कळते.

समुद्रावरचा नाताळ तर त्याहून अलीकडचा. सिडनी भागात दिवसाउजेडी समुद्रस्नानास कायद्याने बंदी होती. १९०२ साली मॅनलीच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने उघडपणे पाण्यात उतरून ती मोडली, तेव्हा कोठे वाळू लोकांना मोकळी झाली. १९३७ साली मेलबर्नच्या रेडिओवरील निवेदक नॉर्मन बँक्स रात्री घरी परतत असता, खिडकीत मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरचे नाताळगीत ऐकत असलेली एक वृद्ध स्त्री त्याच्या दृष्टीस पडली. पुढल्या वर्षी त्याने मध्यरात्री बागेत मेणबत्त्या लावून गाण्याचा मेळावा भरविला आणि सुमारे दहा हजार माणसे आली. आज ही प्रथा ऑस्ट्रेलियाभर पसरली आहे. मेणबत्ती हिवाळ्याची आणि उघडे आकाश उन्हाळ्याचे! डिसेंबरात लंडनला असा मेळावा भरविणे अवघडच. १९४८ साली जॉन व्हीलरचे शब्द आणि विल्यम जेम्सचे संगीत घेऊन त्या देशाची स्वतःची नाताळगीते निघाली. त्यांत तेथले पक्षी नाचतात आणि तेथले गुराखी घोड्यावरून जातात.

उन्हाळा नेहमी मायाळूच असतो असे मात्र नाही. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी नावाच्या चक्रीवादळाने डार्विन शहर जमीनदोस्त केले. ६६ माणसे दगावली. डार्विनच्या रहिवाशांना नाताळ म्हटले की बर्फ आठवत नाही, ती रात्र आठवते. असे दुःख सोसल्यावर ऋतू परका राहत नाही.

हे सारे ऐकताना आपल्या माणसांची आठवण होणे साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कोकणची माणसे मॉरिशसला मजुरीस गेली. तेही बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस. तेथे भाद्रपद येतो तो हिवाळा सरता सरता. तरी त्यांच्या वंशजांनी गणपती सोडला नाही, आणि आज गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. अलीकडे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी घरांत तर संक्रांत भर उन्हाळ्यात येते. शरीराला ऊब देणारा तिळगूळ तेथे घामाघूम होऊन वाटावा लागतो, आणि गुढी उभारावी तर बाहेर शरदाची पाने पिवळी पडत असतात. पण आपण तरी कोठे काटेकोर आहोत? संक्रांत आणि सूर्याचे खरे उत्तरायण यांत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे; तरी गोड बोलण्याचा करार आपण त्याच दिवशी करतो.

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही विषय संपवितो. न्यूझीलंडमध्ये भर थंडीत, पहाटे पूर्वेला एक तारकापुंज पुन्हा दिसू लागतो. माओरी त्याला मातारिकी म्हणतात. गेल्या वर्षभरात वारलेल्यांचे स्मरण करण्याचा आणि नव्या वर्षाच्या आरंभाचा तो त्यांचा काळ. २०२२ पासून त्यासाठी राष्ट्रीय सुट्टी दिली जाते. हिवाळ्याचा जो सण वसाहतकऱ्यांनी दोन शतके उन्हाळ्यात शोधला, तो त्या भूमीपाशी पूर्वीपासूनच होता. विचारले असते तर रुआताराने तो सांगितला असता. आणि तो तारकापुंज आपल्याला अनोळखी नाही. त्याच आपल्या कृत्तिका. त्यांच्यावरून आपण एका महिन्याला कार्तिक म्हणतो.

तारीख माणसाला मागे राहिलेल्यांशी बांधते आणि ऋतू त्याला समोरच्या भूमीशी बांधतो. परदेशी गेलेल्याने पहिली गाठ सोडू नये, असे आम्हांला वाटते. पण दुसरी गाठ त्याने मारली नाही, तर त्याची मुले दोन्ही घरांना मुकतात.