पेटीतले थर

इतिहास म्हटलं की आपल्याला तलवारी, चिलखतं, ताम्रपट आठवतात. राजाची तलवार काचेच्या कपाटात ठेवतात. कुणब्याची चंची कुणी ठेवत नाही. ती झिजते, फाटते आणि एक दिवस चुलीत जाते. तरीपण साधा माणूस कसकसा वाढत गेला हे बघायचं असेल तर त्याच्या जवळच्या चार वस्तू बघाव्यात, असं साठी ओलांडल्यावर मला वाटायला लागलंय. घरात वस्तू किती, हे मोजून काही कळत नाही. त्यातल्या कुठल्या वस्तूला तो 'माझी' म्हणू शकत होता, ते विचारावं.

आमचा मुलूख माणदेश, सांगली जिल्ह्याचा कोरडा कोपरा. आज्याच्या काळातही आमच्या घरात वस्तू होत्याच. कुळव, पाभर, मोट, नाडा, बैलांच्या घुंगुरमाळा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला आणि १९१० साली औंध संस्थानात त्यांची किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी त्या नांगराला हात लावत नव्हते. पुढं तो घरोघर आला, तसा आमच्याही घरी आला. पण नांगर घराचा, बैल घराचे, विहीर भावकीची. आज्याचं एकट्याचं म्हणावं असं तीनच होतं : चंची, घोंगडं आणि काठी. त्याच्या तोंडात 'मला' हा शब्द फारसा यायचाच नाही. 'आपल्याला' म्हणायचा. त्यात मोठेपणाही होता आणि एकट्यानं काही ठरवायची सोय नव्हती, हेही होतं.

पुढची पिढी वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या उमेदीच्या काळात, १९६१ साली, एचएमटीची मनगटी घड्याळं निघायला लागली. हुंडाबंदीचा कायदाही १९६१ चाच. कायदा कागदावर राहिला आणि घड्याळ लग्नाच्या यादीत आलं. सोबत सायकल आणि रेडिओ. घड्याळात किती वाजले हे न कळणारा नवरदेवही फोटोत मनगट पुढं करून उभा राहायचा. असल्या घड्याळानं माणूस वाढला, असं मी म्हणणार नाही. कर्ज काढून दिलेली वस्तू सासऱ्याचीच गोष्ट सांगत राहते.

दादांनी सायकल घेतली ती मेंढरं विकून, जुनी. तोवर गावात येणारा व्यापारी सांगेल तो शेंगांचा भाव. सायकल आल्यावर दादा आटपाडीच्या नाहीतर विट्याच्या बाजारात जायचे, चार ठिकाणी विचारायचे आणि मग माल द्यायचे. घासाघीस करताना त्यांचा आवाज बदललेला मी लहानपणी ऐकलाय. दोन चाकांनी त्यांना बाजार दाखवला, आणि बाजारानं 'नाही' म्हणायला शिकवलं.

आईचं मात्र काय होतं? अंगावरचं डोरलं आणि जोडवी तिची म्हणायची, पण अडीनडीला तीच आधी गहाण पडायची. बहात्तरच्या दुष्काळात तसंच झालं. सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन आम्ही दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आई त्यातली एक. ती खडी फोडायची, मी आणि बहीण पाट्या उचलू लागायचो. या कामांतून रोजगार हमी उभी राहिली. तिचं मूळ आमच्याच जिल्ह्यातलं. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग केला होता. १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला.

मोठ्या लोकांनी या कायद्यावर पुष्कळ लिहिलंय. मी एवढंच सांगतो की मस्टरवर आईचा स्वतःचा अंगठा उठायचा आणि पगार तिच्या हातावर पडायचा. जन्मभर राबूनही तोवर तिच्या हातावर कुणी पैसे ठेवले नव्हते. दुष्काळ सरल्यावर साठवलेल्या पैशातून तिनं एक पत्र्याची पेटी घेतली, कुलपासकट. आजी म्हणाली, "घरात चोर हायती का, कुलूप लावाया?" आई काही बोलली नाही. किल्ली तिनं कमरेला खोचली.

विहीर खणताना माती, मुरूम, खडक असे थर लागतात, तशी ती पेटी होती. तळाला माहेरचं इरकल लुगडं आणि करंडा. त्याच्यावर कामाची कागदं, माझं दहावीचं गुणपत्रक. त्याच्यावर पाटी. १९७८ साली प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर देवळात कंदिलाच्या उजेडात वर्ग भरायचा, तिथली. सगळ्यात वर बँकेचं पासबुक. खातं उघडलं ते सहीवर, अंगठ्यावर नाही. एकेक अक्षर वेगळं, कुळवाच्या तासासारखं वाकडं, पण सही.

दादा २००७ साली गेले. पावणेपाच एकर कोरडवाहू, तिघं वारस : आई, मी, बहीण. मुलींच्या वाट्याचा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशात २००५ साली झाला होता. पण आमच्याकडं रीत अशी की वारसनोंद झाली की बहिणीचं हक्कसोडपत्र घ्यायचं, तिला साडीचोळी करायची, आणि "माहेर तुटंल गं" म्हणायचं. भावकीतली चार माणसं तेच सांगायला ओसरीवर येऊन बसली. मी काही बोलायच्या आत आई आतनं बाहेर आली. म्हणाली, "लेकीचं नाव हाय तसं ऱ्हाऊ द्या. तिनं बी ह्या रानातलं खडं येचल्यात."

भावकी वर्षभर नीट बोलली नाही. बहीण पंचमीला येतच राहिली. तिचं रान मी वाट्यानं करतो आणि सुगी झाली की तिची शाळवाची पोती तिच्या दारात पोचवतो.

एवढ्या एका वाक्यासाठी आईला किती वर्षं लागली, याचा हिशेब मी त्या पेटीवरून लावतो. कुलूप, पगार, पाटी, सही. यातलं एक जरी नसतं, तरी ती त्या दिवशी आतच बसून राहिली असती.

आई २०१६ साली गेली. बहिणीनं फक्त पेटी मागितली. सातबाऱ्याचा स्वतःच्या नावाचा उतारा तिनं आईच्या पासबुकावर ठेवलाय. किल्ली तिच्याकडं असते.