काळ्या मातीतील खांबी पाया

काळ्या मातीतील खांबी पाया ही शेतातील शेड, गोठा, पंपघर यांसारख्या हलक्या बांधकामांसाठी वापरली जाणारी पायाची पद्धत आहे. तीत भिंतीखाली सलग चर न खणता ठरावीक अंतरावर खोल, गोल खड्डे घेऊन त्यांत काँक्रीटचे खांब ओततात आणि त्यांच्या माथ्यांवर आडवी तुळई बांधून तिच्यावर भिंत उभारतात. अकोला जिल्ह्यातील अकोटसारख्या, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीच्या प्रदेशात ही पद्धत उपयुक्त ठरते.

मातीचे स्वरूप

वऱ्हाडातील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. त्यामुळे पावसाळ्यात जमीन वर उचलली जाते, तर उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. इमारतीच्या कडेची माती आधी भिजते आणि मधली उशिरा. त्यामुळे पाया सर्वत्र सारखा उचलला जात नाही. दारे अडकणे, खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा जाणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. जड इमारतीचे वजन फुगणाऱ्या मातीला काही अंशी दाबून ठेवते; हलक्या शेडला ते साधत नाही. म्हणून लहान बांधकामाला उथळ पाया पुरेल, हा समज काळ्या मातीत फसवा ठरतो.

मराठीत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गाववस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. शेतातील शेड मात्र ‘काळी’तच उभारावी लागते.

पार्श्वभूमी

रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकापासून अशा मातीसाठी तळाशी फुगीर गोळा असलेल्या खांबांचा विकास केला. ते ‘अंडर-रीम्ड पाइल’ या नावाने ओळखले जातात. त्यांच्यासंबंधीचे नियम भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात दिले आहेत.

रचना

ऋतुमानानुसार ओलावा बदलतो तो मुख्यतः वरच्या थरात. खांबाचा तळ त्याच्या खाली, स्थिर मातीत नेणे हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. काळ्या मातीचा थर खोल असल्यास खांब जमिनीखाली किमान ३.५ मीटर असावा, असे मानक सांगते. गोळ्याचा व्यास सामान्यतः खांबाच्या अडीचपट असतो. ३० सेंमी खांबाला ७५ सेंमीचा गोळा येतो. वरची माती फुगताना खांबाला वर ओढते, तेव्हा हा गोळा नांगरासारखा खाली धरून ठेवतो. या ओढीने खांब तुटू नये म्हणून सळया पूर्ण लांबीत घालतात.

आडवी तुळई जमिनीला टेकू देत नाहीत. तिच्याखाली किमान ८० मिमी मोकळी जागा राखतात. माती फुगली तरी ती त्या पोकळीत सामावते. ही पोकळी मातीने बुजल्यास खांब खोल असूनही भिंत उचलली जाऊ शकते.

बांधणी

काम कोरड्या हंगामात करणे सोयीचे असते. हाताने फिरवायच्या बरम्याने खड्डा घेतात, तळाशी पाती उघडणाऱ्या अवजाराने गोळा कोरतात, सुटी माती काढून सळयांचा सांगाडा सोडतात आणि विलंब न करता काँक्रीट भरतात. उघडे खड्डे माणसे व जनावरे यांच्या सुरक्षिततेसाठी झाकून ठेवावे लागतात. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे खारे पाणी काँक्रीटसाठी वापरल्यास सळया गंजण्याचा धोका असतो. त्यामुळे गोडे पाणी आणावे लागते.

मर्यादा

काळ्या मातीचा थर पातळ असून खाली मुरूम किंवा खडक असेल, तर खांब तेथवर नेणे पुरते आणि त्याची लांबीही कमी ठेवता येते. म्हणून आधी चाचणीचा खड्डा घेणे आवश्यक असते. खांब भिंतींचे रक्षण करतात, जमिनीवर टेकलेल्या फरशीचे नाही. फरशीखालची काळी माती काढून मुरूम दाबून भरणे, फरशी भिंतीपासून सुटी ठेवणे आणि छताचे पाणी उताराने दूर नेणे हे उपाय त्यासाठी योजतात.