केमोकाइन ग्राही

केमोकाइन ग्राही : पांढऱ्या पेशी व इतर अनेक पेशींच्या पटलावरील प्रथिने. केमोकाइन या लहान संदेशवाहक प्रथिनांना ती बांधून घेतात आणि पेशीने कोणत्या दिशेने सरकायचे हे ठरवून देतात. मानवी शरीरात केमोकाइने सुमारे ५० व त्यांना प्रतिसाद देणारे ग्राही सुमारे २० आहेत. एक ग्राही अनेक केमोकाइनांना बांधतो व एक केमोकाइन अनेक ग्राहींना चालते. एचआयव्ही आणि व्हायवॅक्स हिवताप या दोन रोगांत रोगजंतू याच प्रथिनांना धरून पेशीत शिरतात, म्हणून या रोगांना येथे अधिक जागा दिली आहे. स्थानिक संदर्भ मराठवाड्याचे, विशेषतः बीड जिल्ह्याचे आहेत.

रचना व वर्गीकरण : साधारण ३५० अमिनो अम्लांची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. बाहेरचा भाग केमोकाइन पकडतो, आतला भाग जी-प्रथिनांमार्फत संदेश पुढे नेतो. केमोकाइनातील सुरुवातीच्या सिस्टीनांच्या मांडणीवरून सीसी, सीएक्ससी, एक्ससी व सीएक्स३सी असे चार गट पडतात आणि ग्राहींची नावेही त्यावरूनच पडली आहेत (उदा., सीसीआर५, सीएक्ससीआर४). यांखेरीज चार असामान्य ग्राही आहेत. ते केमोकाइन बांधतात, पण जी-प्रथिनांचा नेहमीचा मार्ग चालवत नाहीत. केमोकाइनाचे प्रमाण आवरणे हे त्यांचे मुख्य काम.

आरोग्यातील कार्य : उसाच्या पाल्याने हात चिरला व जखमेत जंतू शिरले, की तेथील पेशी सीएक्ससीएल८ हे केमोकाइन सोडतात. जवळच्या केशवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळत जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी सीएक्ससीआर१ व सीएक्ससीआर२ या ग्राहींमुळे तेथेच थबकतात, भिंतीतून बाहेर पडतात आणि जखमेकडे सरकतात. काही तासांत हात सुजतो. पुढे होणारा पू बव्हंशी याच मेलेल्या पेशींचा असतो. दरम्यान जंतूंचे अंश उचललेल्या डेंड्रायटिक पेशींवर सीसीआर७ हा ग्राही वाढतो व त्या लसीकावाहिन्यांतून काखेतील गाठींकडे जातात. तेथे प्रतिकारपेशींची वाढ सुरू झाली, की काखेत अवधाण येते.

सीएक्ससीआर४ हा ग्राही रक्ताच्या मूळपेशींना अस्थिमज्जेत धरून ठेवतो. तो नसलेली उंदरांची पिले गर्भावस्थेत वा जन्मतःच दगावतात. उलट, तो प्रमाणाबाहेर सक्रिय राहिल्यास न्यूट्रोफिल मज्जेतच अडकून पडतात आणि चामखिळी व वारंवार संसर्ग होणारा ‘व्हिम’ हा दुर्मीळ आनुवंशिक विकार होतो.

एचआयव्ही : विषाणूला पेशीत शिरण्यासाठी सीडी४ या प्रथिनाबरोबर आणखी काहीतरी लागते, हे १९८०च्या दशकातच लक्षात आले होते. १९९६ मध्ये त्याचा उलगडा झाला. आधी सीएक्ससीआर४ व लगोलग सीसीआर५ हे सहग्राही असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी सीसीआर५ जनुकातील ३२ बेस-जोड्या गळालेला ‘डेल्टा-३२’ हा बदल सापडला. आईवडील दोघांकडून तो मिळालेल्या व्यक्तीच्या पेशींवर सीसीआर५ नसतो व नेहमीच्या एचआयव्हीला वाट मिळत नाही. सीसीआर५ वर अवलंबून नसलेल्या विषाणूंमुळे अशा व्यक्तींनाही संसर्ग झाल्याची थोडी उदाहरणे आहेत.

बर्लिनमध्ये २००७ साली टिमथी रे ब्राउन या रुग्णाच्या रक्ताच्या कर्करोगावर आईवडील दोघांकडून डेल्टा-३२ मिळालेल्या दात्याच्या मूळपेशींचे रोपण झाले आणि एचआयव्हीतून पूर्ण बरा झालेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद झाली. २०१८ मध्ये चीनमध्ये ह जियानक्वी या संशोधकाने भ्रूणांतील सीसीआर५ जनुकात फेरफार करून मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले. जगभर त्याचा निषेध झाला व पुढे त्याला तुरुंगवास झाला.

डेल्टा-३२ हा बदल मुख्यतः उत्तर युरोपीय वंशात आढळतो. भारतात तो अगदी विरळा आहे, त्यामुळे या नैसर्गिक संरक्षणाचा येथील लोकसंख्येला हिशेबात धरावा असा उपयोग नाही. भारतातील साथ प्रामुख्याने एचआयव्ही-१ च्या ‘सी’ उपप्रकाराची आहे. हा उपप्रकार बहुधा आजाराच्या उत्तरार्धातही सीसीआर५च वापरत राहतो. ‘बी’ उपप्रकाराच्या तुलनेत सीएक्ससीआर४ कडे वळण्याचे प्रमाण त्यात कमी असल्याचे मानले जाते. या विषाणूचा अभ्यास राज्यात प्रामुख्याने पुण्यातील भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झाला.

सीसीआर५ रोखणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते देण्यापूर्वी विषाणू कोणता सहग्राही वापरतो याची महागडी तपासणी करावी लागते. एचआयव्हीवरील राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नेहमीच्या उपचारात ते नाही. २००४ पासून सुरू झालेल्या मोफत उपचारात आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी मुख्य असून ती विषाणूला पेशीत शिरल्यानंतर अडवते. सीसीआर५ ला ती हात लावत नाही.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात एचआयव्हीवरील औषधोपचाराचे (एआरटी) केंद्र आहे. बीडजवळ पाली येथे ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ करते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी कुटुंबे फड उठेपर्यंत गावाबाहेर असतात. गोळी रोज घ्यावी लागत असल्याने हा हंगाम उपचारातील कच्चा दुवा ठरतो. त्यासाठी एकदम अनेक महिन्यांचा साठा देण्याची तरतूद कार्यक्रमात आहे.

हिवताप : तांबड्या पेशींवरील ‘डफी’ हा रक्तगट-प्रतिजन म्हणजे असामान्य ग्राही एसीकेआर१ होय. प्लाझ्मोडियम व्हायवॅक्स हा परजीवी त्यालाच धरून पेशीत शिरतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसल्यामुळे त्यांना व्हायवॅक्स सहसा होत नाही, हे लुई मिलर व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखविले. डफी हा केमोकाइन ग्राही असल्याचे १९९३ मध्ये कळले. डफी नसलेल्यांनाही संसर्ग झाल्याची उदाहरणे नंतर मादागास्करमध्ये मिळाली. भारतीय लोक बव्हंशी डफीयुक्त असल्याने येथे व्हायवॅक्सला ही आडकाठी नाही.

चिकुनगुन्या : बीडच्या दक्षिणेला सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशके रोग जवळजवळ दिसेनासा झाला व २००५-०६ मध्ये मराठवाड्यासह राज्यभर उसळला. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या सांधेदुखीत सीसीएल२ या केमोकाइनाचा हात असल्याचे मानले जाते, कारण ते मोनोसाइट पेशींना सीसीआर२ मार्फत सांध्यात ओढून आणते. मात्र सीसीआर२ काढून टाकलेल्या उंदरांत सांध्यांचा आजार उलट अधिक बळावला : मोनोसाइटांच्या जागी न्यूट्रोफिल शिरले. म्हणजे एक ग्राही बंद केल्याने सूज हटेलच असे नाही.

क्षय : सीसीएल२ च्या जनुकातील एका बदलाचा क्षयाशी संबंध काही देशांत दिसला, काही देशांत दिसला नाही.

कोविड-१९ : गंभीर आजाराशी निगडित असलेला तिसऱ्या गुणसूत्रावरील पट्टा २०२० मध्ये निश्चित झाला. त्यात सीसीआर९, सीएक्ससीआर६ व एक्ससीआर१ यांची जनुके आहेत. खरे कारण त्यांपैकी एक की शेजारचे एलझेडटीएफएल१ हे जनुक, हा वाद मिटलेला नाही. निअँडरथल मानवाकडून आलेला हा तुकडा दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के, तर युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत आहे. तोच तुकडा बाळगणाऱ्यांत एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असल्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये निघाला. सीसीआर५ चे जनुक त्याच्या शेजारीच आहे.

कर्करोग : स्तनाच्या कर्करोगपेशी सीएक्ससीआर४ व सीसीआर७ यांच्या आधारे इतर अवयवांत पसरतात, असे २००१ मध्ये दाखविले गेले.

औषधे : मॅराव्हिरॉकखेरीज प्लेरिक्साफॉर (सीएक्ससीआर४, २००८), मोगाम्युलिझुमॅब (सीसीआर४, जपान २०१२, अमेरिका २०१८) व मॅव्होरिक्साफॉर (सीएक्ससीआर४, व्हिम विकारासाठी, २०२४) ही प्रमुख. प्लेरिक्साफॉर एचआयव्हीसाठी तपासले जात होते. चाचणीत लोकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि ते रोपणापूर्वी मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरविण्याचे औषध झाले. संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस व क्रोन रोगावरील ग्राहीरोधकांना मात्र फारसे यश आलेले नाही. एका ग्राहीचे काम दुसरा उचलतो, हे त्याचे एक कारण दिले जाते. एचआयव्हीत विषाणूला मुख्यतः एकच ग्राही लागतो, आणि तेथेच रोधक उपयोगी पडला.